मशरूमची खोली आणि सरपंचाची पाहणी

तिसऱ्या बेडवर हिरवं दिसलं तेव्हा कमल म्हणाली, "याडी, हे बी मशरूमच असन. हिरव्या जातीचं."

कमल आमच्या बचत गटाची अध्यक्ष. मी तिला म्हटलं, "खाऊन दाखव मंग."

तिनं खाल्लं नाही.

आमचा तांडा महागाव तालुक्यात आहे. याडी म्हणजे आमच्या बंजारा बोलीत आई. मी तांड्यातल्या सगळ्यांची आई लागत नाही, पण वय झालं की हे नाव चिकटतं. शाळा चौथीपर्यंत. सगळं आयुष्य कापूस वेचला, त्यात गुडघे गेले. मग गटानं मला मशरूमच्या खोलीवर नेमलं, कारण म्हणे हे काम बसून होतं. ते बसून होत नाही. पण तोवर मी हो म्हटलं होतं.

काम असं. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, गरम पाण्यात उकळायचं, निथळायचं, गार करायचं. प्लास्टिकच्या पिशवीत कुटाराचा थर, त्यावर मशरूमचं बियाणं, परत थर. अशी भरलेली पिशवी म्हणजे बेड. आत पांढरी जाळी धरली की प्लास्टिक कापायचं, मग गुलाबी मशरूम फुटतं. पांढरं दिसलं तर ते आपलं, हिरवं दिसलं तर बुरशीचं. साहेब सांगतात की मशरूम हीसुद्धा बुरशीच. असेल. पण तिला गिऱ्हाईक आहे.

सगळा खेळ ओलीचा. हवा कोरडी पडली तर मशरूम वाळतं. ओल वाढली आणि हवा हलली नाही, तर बेडवर पाणी सुटतं आणि हिरवी बुरशी पसरते. आमच्याकडं मे महिन्यात लुगडं दोरीवर टाकेपर्यंत वाळतं. म्हणून एका खिडकीत कूलर लावला होता. कूलर ओली हवा आत ढकलतो, समोरच्या खिडकीतून ती बाहेर जाते. भिंतीवर ओल दाखवणारं काट्याचं मीटर. काटा ऐंशीच्या आसपास ठेवा, असं ट्रेनिंग देणाऱ्या यवतमाळच्या साहेबांनी बजावलं होतं.

या खेपेला बेड बिघडून चालणार नव्हते. खोली ग्रामपंचायतीची. सरपंच उत्तम आमच्याच तांड्यातला, त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. खुर्च्या ठेवायला त्याला हीच खोली हवी होती. आमची आधीची एक खेप वाळून गेली होती, तेव्हा त्यानं ग्रामसभेत माईकवर सांगितलं, "आता माल निंगाला त खोली बायांची. नाही निंगाला त खोली खाली करा." खोली गेली की गट संपला. बाया परत दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणार. मी तर निंदायच्या कामाचीही उरले नव्हते.

हिरवे बेड मी बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी आणखी निघाले. कमलनं दारावर लिंबू-मिरच्या बांधल्या. थोड्या दिवसांनी लिंबालाही बुरशी आली.

मी साहेबांना फोन लावला.

"आजी, कुटार नीट उकळलं होतं ना?"

"चहापेक्षा जास्त उकळलं, साहेब."

"मग हवा कोंडतेय. समोरची खिडकी बंद राहत असेल."

"म्या सकाळी उघडली, संध्याकाळी बी उघडीच होती."

"मीटर काय दाखवतं?"

"ऐंशी."

"आणि दुपारी?"

"दुपारी कोण पाह्यते? दुपारी आमच्या इथं कुत्रंबी सावलीतून उठत नाही."

"एकदा पाहा," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

मला राग आला. एसीत बसून 'दुपारी पाहा' म्हणायला काय जातं? पण संध्याकाळी फरशीवर चुना टाकताना रॅकखाली खर्ऱ्याची पन्नी सापडली. सुपारी-तंबाखू घोटून पन्नीत बांधतात, तो खर्रा. आमच्या गटात तंबाखू मळणाऱ्या बाया आहेत, खर्रा खाणारी एकही नाही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात डोक्यावर ओला पदर घेऊन निघाले. खोलीच्या दोन चाव्या. एक माझ्या कमरेला, दुसरी कमलच्या घरी खिळ्याला. दाराला कुलूप नव्हतं. दार ढकललं.

आत चौघं झोपले होते. कूलर फुल. रॅकच्या मधल्या जागेत चटई, चटईवर पत्ते. समोरच्या खिडकीत ओली गोणपाटं ठासून भरलेली. मीटरचा काटा पार टोकाला, बेडवरून पाणी ओघळतंय. मधोमध सरपंच, आणि त्याच्या उशाला आमचा बेड.

"उत्तम," मी हाक मारली. तो घोरत राहिला. मी कूलर बंद केला. चौघं एकदम उठले. आमच्याकडं उन्हाळ्यात माणूस हाकेनं उठत नाही, कूलर थांबला की उठतो.

"लाइट गेली का बे?" उत्तमनं डोळे मिटूनच विचारलं.

"लाइट हाय. तुही अक्कल गेली."

"याडी! तू इथी कायले आली?"

"माह्या खोलीत म्या कायले आली?"

"अवं, मी त पाहनी करून राह्यलो होतो. ग्रामपंचायतची खोली हाय."

"डोये मिटून?"

त्याच्या मागून कमलचा नवरा प्रल्हाद उठला. चावी कशी आली ते कळलं. तो हात जोडून म्हणाला, "याडी, कमलले नोको सांगू. तिले वावरात जातो म्हणून सांगतलं."

"मे महिन्यात वावरात काय हाय रे?"

"थेच त कमल बी इचारे."

"अन् खिडकीत पोते काहून कोंबले?"

"उजेड येते ना," प्रल्हाद म्हणाला. "रस्त्यावरून लोकं बी पाह्यतात."

त्या पोत्यांवर हिरवी बुरशी गोधडीसारखी जाड बसली होती. जाताना हे लोक ती पोती रॅकखाली कोंबून जायचे. मला वाटायचं, कमलनं बसायला ठेवलीत. म्हणजे रोज दुपारी हवा कोंडायची, पाणी सुटायचं, आणि बुरशीचं बियाणं सरपंच स्वतःच्या हातानं खिडकीत लावायचा.

उत्तम राजकारणातला माणूस. सदऱ्याची बटणं लावेपर्यंत सावरला. "झालं थे झालं, याडी. माल त गेलाच. आता खोली खाली करून टाका, कायले वाद?"

"करतो ना खाली," मी म्हटलं. "फक्त ग्रामसभेत माईक माह्या हाती दे. माल कसा गेला, अन् कोनाच्या डोक्याखाली गेला, थे सांगतो."

प्रल्हाद हसला. उत्तमनं त्याच्याकडं पाहिलं, मग तो हसायचा थांबला.

"काय पाह्यजे तुले?" उत्तमनं विचारलं.

"पह्यले थो बेड उचल. मंग हिरवे सारे उचल."

चौघांनी खराब बेड आणि पोती त्या उन्हात खांद्यावर घेऊन नाल्यापलीकडं नेऊन गाडली. सरपंचाचा पांढरा सदरा हिरवा झाला. कमल आपल्या घराच्या दारात पाण्याचा ड्रम भरत होती. तिच्यासमोरून नवरा बेड घेऊन गेला. "हेच का तुमचं वावर?" एवढंच ती म्हणाली. घरी पुढं काय झालं ते मी विचारलं नाही, पण आवाज तांडाभर आला.

जवळपास निम्मे बेड गेले. उरलेल्यांसाठी मी कूलर थांबवून थांबवून चालवला, खिडकीला जाळी ठोकली, कमलची चावी काढून घेतली आणि दुपारी स्वतः तिथं बसले. काटा जागेवर राहिला. मशरूम थोडं निघालं, पण निघालं. महागावच्या बाजारात विकलं. ग्रामसभेत सरपंचानं "माल निंगाला" एवढं बोलून माईक ठेवला. त्याच्या खुर्च्या अजून त्याच्याच अंगणात ताडपत्रीखाली आहेत.

मशरूम लावणाऱ्या बायांना माझं सांगणं इतकंच. मीटर सकाळी पाहून खूश होऊ नका, सकाळी सगळंच बरं दिसतं. भर दुपारी जाऊन पाहा. आणि विदर्भात एखादी खोली थंड ठेवणार असाल, तर बियाण्याच्या आधी कुलूप विकत घ्या.