महादेवी मॅडम आणि मधला वरंबा

महादेवी मॅडमची आणि माझी ओळख त्यांच्या चपलांपासून झाली. भवानी पेठेतल्या माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर एक जुनी, बुटकी जीप उभी होती आणि तिच्याखालून शेणाने माखलेल्या दोन चपला बाहेर आल्या होत्या. कोण पडलंय म्हणून मी घाबरून वाकलो, तर आतून आवाज आला, "मालक, नुसतं काय बघलालाव? टॉर्च धरा की." मी निमूट टॉर्च धरून उभा राहिलो. पुढे कितीतरी वर्षं ते काम माझ्याकडेच राहिलं.

मॅडम गुरांच्या डॉक्टर. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे मराठी बोलता बोलता कधी कन्नडात शिरतील याचा नेम नसे. बिथरलेल्या म्हशीला त्या "निधान, निधान" म्हणत थोपटायच्या. निधान म्हणजे हळू. खडकाळ उतारावर जीपलाही हेच सांगायच्या. दुसरं त्यांचं ठेवणीतलं वाक्य म्हणजे, "अडकलंय कुटं, ते आदी सांगा." मुलीचं लग्न जमत नाही म्हणून शेजारचा चहावाला एकदा रडगाणं गाऊ लागला, तेव्हा त्यालाही त्यांनी विचारलं, "अडकलंय कुटं? पोरगी न्हाय म्हणतीय, का तुमी?" त्या दिवसापासून मॅडम दिसल्या की चहावाला मुकाट्याने कप पुढे करायचा. आता त्या निवृत्त होऊन करमाळ्याला मुलीकडे राहतात. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. कुणी जीप उंच करून मागितली की पार्ट दाखवायच्या आधी मी तोच विचारतो.

त्यांची जीप अडकायची माढ्याच्या पुढे, केरबा नावाच्या शेतकऱ्याच्या वस्तीवर जाताना. उसाच्या ट्रॉल्यांनी त्या वाटेवर खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि मधोमध मातीचा वरंबा उभा राहिला होता. आदल्या पावसाळ्यात केरबाची गाय विताना अडली. मॅडम निघाल्या, पण जीप वरंब्यावर जी बसली ती बसलीच. पेटी डोक्यावर घेऊन त्या चिखल तुडवत पोचल्या तेव्हा गायही गेली होती आणि वासरूही. तरी केरबाच्या बायकोने त्यांच्यापुढे ताकाचा पेला धरला.

"दारात गाय मरून पडलीय, आन् बाई मला ताक देतीय," मॅडम म्हणाल्या. "न्हाय गिळलं, मालक. तसाच पेला ठिवून आले." त्याच गायीची आधीच्या वेताची कालवड आता पहिल्यांदा गाभण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. "ह्या येळी जीप अडकायची न्हाय. काय घालायचं ते घाला, पण बघून घाला."

मला तर उधाणच आलं. एवढ्याशा जीपला उंच करायचं म्हणजे आम्हा पार्टवाल्यांची दिवाळी. नव्या कमानदार स्प्रिंगा, म्हणजे आमच्या भाषेत पाटे, लांब शॉकअप, पाट्यांखाली घालायचे लोखंडी ठोकळे, सगळं मी काउंटरवर मांडलं. दुकानात बसलेले दोघे जीपवेडे म्हणाले, मॅडम, सगळंच घाला, गाडी हत्तीसारखी दिसेल. मॅडमनी ठोकळे उचलून बाजूला ठेवले. "मला गायीपाशी जायचंय, गच्चीवर न्हाय."

मग त्यांनी जे केलं ते मी कुठल्याही गॅरेजात पाहिलेलं नाही. जीपच्या खालच्या अंगाला त्यांनी ब्रशने चुना फासला, मला शेजारी बसवलं आणि केरबाच्या वाटेला लागल्या. पाऊस नव्हता, वाट कडक होती. वरंबा घासत ओलांडून आम्ही खाली वाकलो. जीपच्या पोटावरचा चुना जसाच्या तसा. खरवडला होता तो फक्त मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसावरच्या लोखंडी गोळ्याचा. माझं तोंड उतरलं. पाटे कितीही चढवले तरी गाडीचं पोट वर जातं, आस चाकांबरोबर खालीच राहतो. आस उचलायचा तर मोठे टायरच हवेत. "म्हंजे टायर," मॅडमनी टाळी वाजवली. "पाटे ऱ्हाऊ द्या मग."

वस्तीवर त्यांनी कालवड तपासली. केरबाची बायको ताक घेऊन आली, तर म्हणाल्या, "आज नको, बाई. पुढच्या येळी." पण आमच्याकडे डॉक्टरला शेतावरून रिकामं पाठवणं म्हणजे घराची अब्रू घालवणं. केरबाने ज्वारीची पोती चढवली, वर भोपळे, वांगी आणि उसाची मोळी. वाटेत लेकीकडे निघालेली एक आजी कोंबडीसकट मागे बसली. त्याच वरंब्यावर या वेळी खर्रकन आवाज आला. मॅडम उतरून खाली शिरल्या आणि तिथूनच खदखदून हसल्या. पोटावरचा चुना साफ गेला होता.

"मालक, जाताना डॉक्टर जातीय, येताना बाजार येतोय," त्या म्हणाल्या. "पाटे बाजाराच्या वजनाचे द्या."

सगळा निकाल लागला होता. एक माप मोठे टायर, भरल्या गाडीतही ते मडगार्डला लागू नयेत इतकेच कमानदार पाटे आणि त्यांना साजेसे शॉकअप. ठोकळे परत फळीवर गेले. फिटिंगच्या दिवशी दुकान बंद करून मी मिस्त्रीच्या डोक्यावर बसलो. जीप जॅकवरून उतरली आणि चार बोटं उंच होऊन उभी राहिली, तेव्हा माझ्या धाकट्याला पहिल्यांदा फुल पँट घातली होती त्या दिवसाची मला आठवण झाली.

केरबाचा फोन आला तो भर पावसात. मीही चढलो; मला राहवेना. चाकोऱ्या पाण्याने तुडुंब भरल्या होत्या. मॅडमनी पहिला गिअर टाकला. "निधान... निधान..." मी त्या खर्रकन घासण्याच्या आवाजाची वाट बघत दात आवळून बसलो होतो. जीप डुलली, घसरली, सावरली, आणि वरंबा मागे पडला. आवाज आलाच नाही. मी आनंदाने डॅशबोर्डवर थाप मारली, तर मॅडम म्हणाल्या, "गप बसा. अजून गाय हाय."

गोठ्याबाहेर केरबा आणि मी एकमेकांकडे न बघता उभे होतो. आतून मॅडमचा आवाज येत होता, कधी कन्नडात, कधी मराठीत. मग एक बारीक हंबरणं ऐकू आलं आणि केरबा मटकन खाली बसला. आत गेलो तर कालवड वासराला चाटत होती आणि वासरू आपल्या लटपटत्या पायांवर उभं राहायची खटपट करत होतं. माझे डोळे भरून आले, आणि ते मी पुसलेही नाहीत.

केरबाच्या बायकोने ताकाचा पेला आणला. मॅडमनी हात धुतले, उभ्या उभ्या, एका दमात तो रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

"अजून घाला की," त्या म्हणाल्या. "मागचा ऱ्हायलाय."