सगळ्यांची पेटी

नव्वदच्या दशकात आसिफाबादच्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये मी प्रोग्राम लिहायची. सेंटर म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक कर्कश प्रिंटर आणि सर. सर तेलुगू, मी मराठी, म्हणून आमचा कारभार हिंदीत. गिऱ्हाईक आणायचं काम त्यांचं, बाकी सगळं माझं. वांकिडीकडच्या माझ्या गावाहून मी रोज बसने ये-जा करायची. गावात मला 'कॉम्प्युटरवाली' म्हणत, म्हणजे नेमकं काय ते कोणालाच माहीत नव्हतं.

नव्या कामाची सुरुवात मला नकोशी वाटायची. काम नाही, सुरुवात. प्रत्येक प्रोग्रामला तेच ते लागतं: पासवर्ड विचारणारा पहिला पडदा, मेनू, नोंद भरायची जागा, नाव शोधायची सोय, छपाई. हे सगळं वेगळं काढून ठेवावं हे मला सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी सरांनी वेळ दिला नसता. मी मागच्या गिऱ्हाइकाच्या सगळ्या फाइली कॉपी करायची आणि त्यातून त्याचं नाव, त्याचे शब्द एकेक करून उपटत बसायची. पाच-सहा दिवस नुसतं निंदण.

त्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. थोरलीच्या आधी धाकटी, हा विषय गावाने चघळून चोथा केला होता. मला त्याचं काही नव्हतं, मला फक्त लग्नाला हजर राहायचं होतं. लग्न रविवारी. मी शुक्रवारपासून चार दिवसांची सुटी मागितली. सर म्हणाले, "देखो अम्मा, पहले स्कूल का काम. फिर जाओ." एका खाजगी शाळेला प्रवेशाचा प्रोग्राम हवा होता.

मी नेहमीसारखीच सुरुवात केली. हाताशी एका कापूस खरेदीदाराचं काम होतं. घाईघाईत एक शहाणपणा केला. जिथे जिथे 'कापूस' आहे तिथे 'विद्यार्थी' घाल, असं कॉम्प्युटरलाच सांगितलं. मिनिटभरात झालं. मी स्वतःवर खूश.

लग्नाला आठ दिवस असताना, शनिवारी, हेडमास्तर पाहायला आले. मी एक मुलगा भरून दाखवला: नाव, बापाचं नाव, गाव. पुढचा प्रश्न हेडमास्तरांनी चष्मा सावरून वाचला आणि शांतपणे सरांना विचारलं, "बच्चे में नमी कितनी है, ये भी हमको लिखना है?"

ओल कापसाची मोजतात, मुलांची नाही. त्याखाली विद्यार्थ्याची प्रत होती, उत्तम की मध्यम, आणि त्याच्याही खाली, विद्यार्थी बैलगाडीतून आला की ट्रॅक्टरमधून.

हेडमास्तर सभ्य माणूस. हसले नाहीत. गुरुवारी परत येतो म्हणाले. ते गेल्यावर सरांनी सांगितलं, हे नीट होत नाही तोवर सुटी विसर. बसमध्ये मला रडू आलं, लाजेने कमी आणि रागाने जास्त. उपटत बसले तर गुरुवार काय, लग्नाचा रविवारही त्यातच जाणार, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी घरी पेटी आली. आमच्या बौद्ध वस्तीत लग्नकार्याची एक पत्र्याची पेटी होती. एकट्या कोणाच्या मालकीची नाही, सगळ्यांची. आत पांढरी चादर, दोन तसबिरी, मेणबत्त्या, अगरबत्तीचं घर, दोऱ्याचं रीळ. ज्याच्याकडे कार्य त्याच्याकडे ती जायची, म्हणजे कोणालाच पहिल्यापासून जमवाजमव करावी लागत नसे. झाकणाच्या आतून यादी डकवलेली होती. आईने पेटी उघडली आणि तिचं डोकं फिरलं. मेणबत्त्या संपलेल्या, आणि मागच्या लग्नातल्या नवरानवरीच्या नावाची थर्माकोलची अक्षरं तशीच आत.

"काऊन ठेवलं असन हे?" अक्षरं बाहेर काढत ती म्हणाली. "आपलं आपण काढून न्यावं, सगळ्याइचं भरून ठेवावं. एवढं बी कळत नाई लोकाइले. आपल्या पोरीच्या लग्नात दुसरीचंच नाव लागलं असतं."

मी तिथेच खाली बसले. शाळेच्या प्रोग्राममध्ये कापूस राहिला तो असाच. इतके दिवस मी एका घरची पेटी साफ न करताच दुसऱ्या घरी पाठवत होते.

सोमवारी सरांना म्हटलं, दोन दिवस मी शाळेच्या कामाला हात लावणार नाही, एक रिकामा प्रोग्राम करणार आहे, कोणाचाच नसलेला. सर चिडले. रिकामा प्रोग्राम कोणाला दाखवायचा? त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण सुटी तर तशीही गेलीच होती, मग भ्यायचं कशाला? दोन दिवस मी फक्त काढत गेले. कापूस काढला, त्याआधीच्या बियाण्यांच्या दुकानाचं जे उरलं होतं ते काढलं, आणि सगळ्यांना लागतं तेवढं एका फ्लॉपीवर ठेवलं. सुरू केलं की ती तीनच गोष्टी विचारायची: गिऱ्हाईक कोण, नोंद कशाची, रकाने कोणते. उत्तरं दिली की नव्या कामाचा सांगाडा तयार.

बुधवारी सकाळी शाळेची उत्तरं भरली. समोरच्या टपरीवरून चहा येईपर्यंत प्रवेशाचा प्रोग्राम उभा होता. मी चारदा तपासला. चहा गार झाला. छातीवरचं पोतं कोणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं.

घरी सांगितलं तर आईने एवढंच विचारलं, "झाकणाले यादी लावली का?"

लावली नव्हती. गुरुवारी सकाळी काय कसं करायचं ते एका कागदावर ओळीने लिहिलं आणि फ्लॉपीच्या पाकिटाला चिकटवलं. शेवटची ओळ आईची, हिंदीत करून: आपलं काढून न्या, सगळ्यांचं भरून ठेवा. दुपारी हेडमास्तरांनी पडद्यावर ओल शोधली. ती सापडली नाही. सर मला म्हणाले, "जाओ."

रविवारी लग्न लागलं, पंगत बसत होती, आणि किराणा दुकानातून निरोप आला: आसिफाबादचा फोन आहे. नवं गिऱ्हाईक असणार, आणि नवं काम म्हटलं की माझ्यावाचून अडणारच. चपला घालताना मी मनात बसची वेळ काढत होते.

"एक डॉक्टर आए थे," सर म्हणाले. "मैंने तुम्हारा कागज पढ़ा, तीन जवाब दिए, चालू हो गया. तुम शादी में आराम से रहो." मग जरा अडखळत, "ये फ्लॉपी अब कहाँ रखूँ?"

मांडवात परतले तेव्हा माझं हसू आवरत नव्हतं. आई बुंदी वाढत होती.

"काय म्हणतेत तुह्ये सर? बलावून राह्यले का?"

"नाई. डॉक्टरचं काम त्याइनं सोताच सुरू केलं. आता पेटी कोठी ठेवू, इचारून राह्यले."

आईचा हात थांबला. "पयले त्यातलं डॉक्टरचं नाव काढलं का, ते इचार."

मी तशीच दुकानात परत गेले आणि फोन लावला. सरांनी नाव काढलं होतं. वर एक कोरी फ्लॉपी विकत आणून तिच्यावर दुसरी प्रतही करून ठेवली होती. मग मी पंगतीत बसले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.