कशावरनं?

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांनी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलं आणि तिथनं एकच शब्द घरी आणला : कशावरनं? दूध नासलं म्हटलं तरी कशावरनं, पाव्हणे येणारेत म्हटलं तरी कशावरनं. कॉलेजात असताना मी एकदा वैतागून विचारलं, "दादा, मी तुमचीच मुलगी, कशावरनं?" तर शांतपणे म्हणाले, "चिडतीस त्याच्यावरनं." ते मात्र खरं आहे. माझं डोकं लवकर तापतं.

आता अशा माणसाचा जिवाचा दोस्त कोण असावा? तर आमचे काका, ज्यांचं देवाशिवाय पान हलत नाही. काका सख्खे नव्हेत. तामलवाडीजवळच्या एका वस्तीत दोघं बरोबर वाढले. आमचं घर छप्पन्ननंतर धम्मात आलं, काकांचं घर त्यांच्या आजोबांपासून ख्रिस्ती. एक वंदनेला जायचा, एक उपासनेला, आणि दुसऱ्याच्या शेतातली बोरं पाडायला दोघं मिळून. पुढं दोघंही तुळजापुरात आले. दादा शाळेवर लागले, काकांनी मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. आई गेल्यापासून घरात मी आणि दादा. मी लग्न केलं नाही हे चुकलं, ह्या एका मुद्द्यावर त्या दोघांचं पूर्ण एकमत आहे. बाकी कशावरही नाही.

काकांच्या दुकानापुढं एक लोखंडी बाक आहे. संध्याकाळी तिथं वाद बसतो. देवीला आलेली माणसं मधेच लॉज विचारतात, तेव्हा दोघंही भांडण थांबवून हात करून नीट रस्ता सांगतात, आणि माणूस वळला की सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू. मी लॅबमधनं सुटले की तिथंच टेकते. माझा धंदा लोकांचं रक्त काढायचा, आणि दिवसभर तेवढं करून आलेल्या बाईचं हे दोघं आणखी काय पिणार!

काकांचा ठरलेला मुद्दा विजेचा. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता म्हणायचे, "वीज दिसती का तुला? न्हाय. पर हाय का न्हाय?"

"हाय. मीटर लावला की काटा हलतो," दादा म्हणायचे. "तुझ्या देवाला लावायचा मीटर दाखव, आत्ता मानतो."

"त्यो मरून तिसऱ्या दिशी उठला, कबर रिकामी व्हती, ह्यो काटाच हाय की."

"कबर रिकामी होती कशावरनं?"

"बायांनी बघितली. पहिल्यांदा बायाच गेल्या तिथं. बनवून सांगायचं असतं तर त्या काळी बायांचं नाव कोण घेतलं असतं? त्यांचं कोण ऐकत व्हतं?"

"आणि बायबलात ते लिहिणारे चार, ते चौघं चार तऱ्हेनं सांगतात. एक म्हणतो एक देवदूत, दुसरा म्हणतो दोन."

मग एकदा काकांनी हातातली तार खाली ठेवली. "तू मास्तर ना? चार पोरांचा पेपर शब्दाला शब्द सारखा आला तर काय म्हणतोस?"

"कॉपी केली म्हणतो."

"मग? ह्यांचं सारखं न्हाय. म्हंजे कॉपी न्हाय."

मला इतका आनंद झाला की मी काकांना पदरचा चहा पाजला. रात्री जेवताना दादा घास हातात धरून बसले होते. एकदम म्हणाले, "पण चौघांचंही उत्तर चुकलेलं असू शकतं की." मी म्हटलं, मला काय सांगता, त्यांना सांगा. तर खरकट्या हातानं उठून फोन लावला. पलीकडनं काका काय बोलले ते कळलं नाही, पण हसल्याचं मला इकडं ऐकू आलं.

असं सगळं बरं चाललं होतं. मागच्या उन्हाळ्यात काका दुकानात पाण्यातली मोटर उचलायला गेले आणि छाती धरून खाली बसले. दादा समोरच होते. काकांना दरदरून घाम फुटला. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवत राहिले, आणि थोड्या वेळानं कळ थांबली. दादा म्हणाले, चल डॉक्टरकडं. काका म्हणाले, "गेलं. त्यानं काढून घेतलं." आणि पाणी पिऊन पुन्हा कामाला लागले.

इथवर ठीक होतं. पण पुढच्याच रविवारी काकांनी साक्ष दिली.

त्यांच्या उपासनेत रीत आहे. पाळकसाहेब विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का. मग ज्याला वाटेल तो उभा राहतो आणि प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. कुणाची हरवलेली गाय सापडलेली असते, कुणाच्या पोरीचं जमलेलं असतं. लोक टाळ्या वाजवतात, आणि ती गोष्ट मग सगळ्या मंडळीची होते. काकांनी भर मंडळीत सांगितलं, की प्रभूनं माझं काळीज बरं केलं.

झालं. त्यानंतर काका तपासायला तयारच होईनात. मी रोज बघत होते. दुकानातून घरी जाताना ते मधे थांबायचे, समोरच्या पाट्या वाचायचा बहाणा करायचे. साड्यांच्या दुकानाची पाटी माणूस किती वेळ वाचणार? मी सरळ म्हटलं, "काका, उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. ईसीजी काढायचा, दहा मिनिटांचं काम."

"कशाला? बरा झालोय की."

"बरे झालाय तर पट्टीवर येईलच ना तसं."

"पोरी, मीटर लावायचा म्हंजे शंका घ्यायची."

दादा भडकले. एरवी ते वादात आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी गल्ली जमली. "जन्मभर मला वीज वीज करून शिकवलंस आणि आता मीटरला भितोस?" काकाही पेटले, म्हणाले, "माझ्या विश्वासात बोट घालू नगंस." दादा चप्पल घालून घरी आले ते पुन्हा बाकावर गेलेच नाहीत. संध्याकाळ झाली की गॅलरीत येरझाऱ्या घालायचे, गल्लीच्या टोकाला बघायचे आणि मला विचारायचे, "आज किती वेळा थांबला?" मला दोघांचाही असा संताप यायचा! एवढी वयं झाली आणि रुसतात पोरांसारखे. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. असले पेशंट मी रोज बघते. चालता चालता थांबणारा माणूस किती दिवस थांबत राहील, हे कुणालाच सांगता येत नाही.

एका दुपारी काकू लॅबवर आल्या. पदर तोंडाला लावून बाहेरच्या बाकड्यावर बसल्या. म्हणाल्या, "आता तपासाया गेले आन काय निघालं, तर लोक म्हणतील साक्ष खोटी दिली. त्यापरीस मरण बरं, म्हंत्यात."

मी घरी येऊन दादांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बघ, मी उगाच भांडलो. मला वाटलं, तो अडाण्यासारखं करतोय. त्याला मरणाची भीती न्हाय गं. देव चारचौघांत खोटा पडंल ह्याची भीती हाय." दादा गहिवरले की त्यांची शाळेतली भाषा सुटते आणि वस्तीतली येते.

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार. "कुठं?" मी विचारलं. "तू चल नुसती."

सोलापूर रस्त्याला पत्र्याची एक लांबट खोली आहे, तिथं मंडळी जमते. आम्ही मागं सतरंजीवर बसलो. काकांनी वळून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांना वाटलं असणार, हा आता इथं येऊन वाद घालतो. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. गाणी झाली, पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. आणि दादा उभे राहिले.

"सगळ्यांना जय भीम," दादा म्हणाले.

अर्ध्या खोलीतनं सवयीनं "जय भीम" आलं. निम्मे लोक त्याच वस्त्यांमधले, त्याच नात्यातले. मग आपलं आपल्यालाच हसू आलं सगळ्यांना, आणि पाळकसाहेब हसून, त्यांच्यातला नमस्कार असतो तसं, "सलाम, गुरुजी, बोला" म्हणाले.

"मी तुमच्यातला न्हाय. पण बघितलेलं सांगता येतं मला. ह्याच्या छातीत कळ आली तेव्हा मी समोर होतो. ह्यानं प्रार्थना केली आणि कळ थांबली, तेही मी बघितलं. कुणी थांबवली, ते मला माहीत न्हाय, म्हणून त्यावर बोलत न्हाय. पण त्यानंतर हा चालताना थांबतो, तेही मी बघतोय. ते ह्यानं तुम्हाला सांगितलेलं न्हाय. ही साक्ष अर्धीच झाली." मग ते पाळकसाहेबांकडं वळले. "तुमचा देव मशीनला भीत असंल, असं मला वाटत न्हाय. आणि मी तर मानत बी न्हाय त्याला."

कुणीतरी फसकन हसलं आणि गप्प झालं. काका जमिनीकडं बघत म्हणाले, "मला काय न्हाय झालेलं. ह्याचं ऐकू नगा."

तेव्हा बायकांच्या बाजूनं काकू उठल्या. इतकी वर्षं त्या मंडळीत आहेत, पण कधी साक्षीला उभ्या राहिल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, "रातीला ह्यांना आडवं पडवत न्हाय. भिताडाला टेकून बसत्यात. म्या बघत असते. म्या जागीच असते."

दादा हळूच म्हणाले, "तूच सांगतोस ना मला, पहिल्यांदा बायांनीच बघितलं? मग वहिनींचं ऐक."

काकांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला वाटतं थोडं हसूही होतं, कारण आपलाच मुद्दा आपल्यावर उलटलेला त्यांना कळला होता. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "चला, गुरुजींच्या मशीनसाठी प्रार्थना करू." सगळ्यांनी डोळे मिटले. दादा तेवढे डोळे उघडे ठेवून उभे राहिले, हात पाठीमागं बांधून, शाळेत प्रार्थनेला राहायचे तसे.

दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला आणि त्याच दिवशी आम्ही सोलापूर गाठलं. तिथं तपासलं तर हृदयाच्या तिन्ही नळ्या तुंबलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, बायपास करावं लागेल, आणि आलात हे नशीब.

ऑपरेशनच्या सकाळी काकांना हिरवा झगा घातला होता, त्यात ते एवढेसे दिसत होते. त्यांनी दादांचा हात धरला. "एकदा प्रार्थना म्हण की माझ्यासाठी. एकदाच."

दादांना हो म्हणायचं होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, त्यांना मनापासून हो म्हणायचं होतं. पण म्हणाले, "मला येत न्हाय रे. खोटं म्हणू का तुझ्यासाठी?"

मला तर असा राग आला! म्हटलं, म्हणून टाका की चार शब्द, काय जातंय तुमचं? पण काकांनीच मान हलवली. "नगं. खोटं नगं. तू नुसता बस भायेर."

"बसतो."

आणि बसले. आत नेल्यापासून दादा त्या दारासमोरच्या खुर्चीवरून हलले नाहीत. काकू प्रार्थना करत होत्या, मी चकरा मारत होते, चहावाला येऊन गेला. मी म्हटलं, जरा पाय मोकळे करून या. म्हणाले, "बसतो म्हणलोय त्याला." त्यांचे पाय सुजले होते, मला चपलेच्या पट्ट्यावरनं दिसत होतं. मी त्यांच्यावर ओरडले आणि मग त्यांच्या शेजारी बसून रडले.

दुसऱ्या दिवशी काकांच्या घशातली नळी काढली, तेव्हा आम्हाला आत सोडलं. खोकला आला की छातीला दाबून धरायला त्यांना उशी दिली होती. डोळे उघडून त्यांनी आधी काकूंकडं पाहिलं, मग दादांकडं. आवाज पार बसला होता.

"भायेर बसला व्हतास."

"व्हय."

"मला म्हाईत व्हतं," काका म्हणाले. जरा दम घेतला. "म्या बेशुद्ध. दार बंद. तू काय दिसत न्हवतास. तरी म्हाईत व्हतं. आता सांग मास्तर, कशावरनं?"

दादांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काकांची उशी सारखी करत म्हणाले, "गप पड. टाके तुटतील."

काका घरी आले, हळूहळू बाकापर्यंत चालायला लागले. न थांबता. साड्यांच्या दुकानाची पाटी आता बदलली आहे म्हणे, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, तिथं आता थांबतो कोण! एक दिवस संध्याकाळी मी लॅबमधून येते तर दादा लांबूनच तरातरा चालत बाकाकडं निघालेले. उत्तर सापडलं की ते तसे चालतात.

"आयुष्यात आजवर मी बसतो म्हणालो आणि उठून गेलो, असं कधी झालंय का?" त्यांनी उभ्यानंच विचारलं.

"न्हाय," काका म्हणाले.

"मग त्याच्यावरनं! इतक्या वर्षांच्या अनुभवावरनं. म्हणून बंद दाराआडनं पण तुला ठाऊक होतं. ह्याला म्हणायचं पुरावा."

काकांनी बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.

"मग म्या," ते म्हणाले, "इतकी वर्षं काय येगळं सांगतोय तुला?"