झाकण पुढं कर

"आज उपास आहे गं," कचेरीतल्या बाई म्हणाल्या.

मी खिरीचा डबा त्यांच्यापुढं धरून उभी होते. गव्हाची खीर. गूळ, खोबरं, वरून खसखस. माझी नोकरी पक्की झाली म्हणून पहाटे उठून अनगोळच्या खोलीत स्टोव्हवर केली होती. बाईंपासून मी पुढच्या टेबलाकडं गेले. त्यांचाही उपास. त्याच्या पुढच्या टेबलाचाही उपास. त्या दिवशी ना एकादशी होती ना चतुर्थी. साधा बुधवार होता.

मी जागेवर येऊन बसले. मग सगळ्यांनी आपापले डबे उघडले. पोळी-भाजी. वरण-भात.

आणि बाईंनी हाक मारली, "ए, झाकण पुढं कर."

मी डब्याचं झाकण उलटं करून पुढं धरलं. बाईंनी हातभर वरून त्यात शिरा टाकला. चमचा झाकणाला लागू दिला नाही. तुपात थबथबलेला शिरा. मी तो खाल्ला. संध्याकाळी खोलीवर जाऊन ती सगळी खीरही एकटीनंच खाल्ली. रडत रडत खाल्ली. टाकायची कशी? आमच्यात अन्न टाकत नाहीत.

ही गोष्ट बेळगावातली. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी मूळची निपाणीची. आई विड्या वळायची, वडील तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. आमच्या घरात शिकलेली मी पहिली, कचेरीत खुर्चीवर बसलेली पहिली. बाई आमच्या हेडक्लार्क. टिळकवाडीतलं जुनं घराणं. बाकी सगळ्यांना त्या 'अहो' म्हणायच्या. मला 'ए'.

बाईंना डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. गोड बंद, तळलेलं बंद. पण घरात सासूबाई. डबा त्याच भरायच्या आणि भरला डबा परत गेला की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. बाईंनी वाट काढली. शिरा माझ्या झाकणात. वडे माझ्या झाकणात. खव्याचा कुंदा माझ्या झाकणात. डबा घरी रिकामा. सासू खूश, डॉक्टरही खूश. बाईंचं बघून बाकीच्यांचंही उरलेलं माझ्याकडं यायला लागलं. "टाकू नका हो, तिला द्या. ती खाते."

आणि मी खात होते. खोटं कशाला सांगू? मला ती माया वाटायची. ह्या लोकांनी माझं काही घेतलं नाही, पण देतात तरी, असं मी मनाला समजवायची. माझी भाकरी आधी संपवायची, मग झाकणातलं. भूक असो नसो.

वर्षभरात बाई उतरल्या. कचेरीत त्यांचं कोण कौतुक! "बाईंचा निग्रह बघा." "जिभेवर ताबा असावा तर असा." मी फुगत गेले. झंपरांच्या शिवणी उसवल्या. कचेरीचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून दम घ्यावा लागायचा. तिथं कुणी भेटलं की हसायचं. "सरकारी पगार अंगाला लागला." एकदा बाई वडा टाकता टाकता मला म्हणाल्या, "अगं, तोंडाला जरा कुलूप लाव." सगळे हसले. मीही हसले. ते माझं हसणं मला अजून सोडत नाही.

एका दुपारी आई आली. निपाणीच्या गाडीनं, न कळवता. लेक कशी खुर्चीवर बसते ते तिला बघायचं होतं. नवं इरकली लुगडं नेसली होती. ती दारात पोचली तेव्हा मी बाईंच्या टेबलापुढं दोन्ही हातांनी झाकण धरून उभी होते आणि वरून साबुदाण्याची खिचडी पडत होती.

आई आत आली नाही. मी धावत बाहेर गेले. ती व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी होती.

"कशात घेत हुतीस?"

"झाकणात."

"आमी पाटीत घेत हुतो."

मी रजा टाकून तिला खोलीवर नेलं. तिथं तिनं सांगितलं. ते माझ्या जन्माआधीचं होतं, निपाणीला यायच्या आधीचं, गावातलं. लग्नाच्या पंगती उठल्या की आमच्या माणसांनी पाट्या, म्हणजे बांबूच्या टोपल्या, घेऊन मागच्या दारी थांबायचं. पत्रावळीवरचं उष्टं पाटीत पडायचं. वरून. पुढं बाबासाहेबांनी धर्म बदलला, वस्तीनंही दीक्षा घेतली. उष्टं आणायचं नाही असं ठरलं. सगळ्या पाट्या एका जागी जाळल्या. गावानं मग कामाला बोलावणं बंद केलं. त्या उन्हाळ्यात चुली पेटेनात. माझा थोरला भाऊ दोन वर्षांचा होता. तो त्या उन्हाळ्यात गेला. तापानं गेला, असंच मला लहानपणापासून सांगितलं होतं.

"ताप न्हवता गं," आई म्हणाली. "भूक हुती. लई रडायचा. पर आमी पाटी न्हाय उचलली."

मी भात केला होता. ती जेवली नाही. संध्याकाळच्या गाडीनं निपाणीला निघून गेली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत हाक आली. "ए, झाकण पुढं कर."

मी झाकण डब्यावर घट्ट लावलं.

"नको."

"अगं, मग टाकू का अन्न?"

"टाका. नाहीतर खावा. नाहीतर घरी सांगा, मला कमी द्या म्हणून."

मागच्या टेबलावरून आवाज आला, "चार घास पोटात गेले की माज येतो."

"माज नाही," मी म्हणाले. "पोट भरलंय माझं."

खरं तर भरलेलं नव्हतं. पुढं कित्येक महिने रोज त्या वेळेला तोंडाला पाणी सुटायचं. तुपाचा वास आला की हात आपोआप झाकणाकडं जायचा. स्वतःची चीड यायची. मी मागच्या व्हरांड्यात जाऊन एकटी जेवायला लागले. दोन भाकरी, पालेभाजी, ताक. चहा एकदाच आणि बिनसाखरेचा. घास चावून चावून खायचा. हे सोपं नव्हतं. पोट भरलं की थांबायचं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्यात थांबायचं म्हणजे भांडं रिकामं झाल्यावर. उद्या मिळेल न मिळेल. ती भीती माझ्या हाडात बसली होती. म्हणून मी भाकऱ्या दोनच थापायला शिकले आणि उद्याचं पीठ डब्यात आहे, हे स्वतःला रोज दाखवायला शिकले.

वजन हळूहळू उतरलं. दोन-तीन वर्षं गेली. मधे वडील वारले तेव्हा पुन्हा वाढलं, मी पुन्हा दोन भाकरींवर आले. बाईंचं वजन मात्र झाकण बंद झाल्यावर परत आलं. मी हसले नाही. त्यांच्या हातात त्यांचाच डबा राहिला होता.

आई पुन्हा कधी कचेरीत आली नाही. "ये की गं बघायला," मी किती वेळा म्हणाले. तंबाखूच्या खोकल्यानं ती झिजत गेली. शेवटी शेवटी माझं मनगट हातात घेऊन बोटांनी चाचपायची. "हलकी झालीस," म्हणायची. मी बाईंपुढं झाकण धरून उभी होते, ते तिच्या डोळ्यांपुढून गेलं का, हे मी तिला विचारू शकले नाही. ती गेली.

आता बाई निवृत्त झाल्यात. नव्या पोरी कचेरीतला जुना फोटो बघून विचारतात, कशा हो बारीक झालात, कुठलं औषध? परवा कचेरीत जुन्या साहेबांचा निरोपसमारंभ झाला. जेवण बरंच उरलं. नवे साहेब मला म्हणाले, "तुम्ही घेऊन जा. तुमच्या वस्तीत वाटा."

मी म्हणाले, "वस्तीला द्यायचं असेल तर आधी बोलवा. पंगतीला बोलवा."

साहेबांचं तोंड उतरलं. उतरू दे. गव्हाची खीर मी अजून करते. पहिली वाटी वस्तीतल्या पोरांना देते, चुलीवरून उतरल्या उतरल्या, ताटलीत, हातात हात लागेल अशी. मग मी खाते, एक वाटी. उरलेलं मी कुणाचं खाणार नाही. आणि उरलेलं कुणाला देणार नाही.