बाईंचे पाढे

खरं सांगा, अठ्ठेचाळीस आकड्यांची एखादी संख्या तुम्हाला तोंडपाठ आहे? नाही ना? मग वाचणाऱ्या बाईंना हसायचं काम नाही.

बाईंची हयात दवाखान्यात केसपेपर लिहिण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्या वसतिगृहातल्या नऊ अंध मुलींसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून आपला आवाज कॉम्प्युटरवर भरायला लागल्या. मुली आधी मोठमोठ्या संस्थांकडे जाऊन आल्या होत्या. ‘अर्ज विचाराधीन आहे’ यापलीकडे त्यांच्या पदरात काही पडलं नाही. बाईंनी अर्जबिर्ज मागितला नाही. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला गादी उभी केली, वर पांघरूण टाकलं आणि त्या आडोशाला बसून वाचायला सुरुवात केली. चुकल्या की ‘थांबा गं, परत वाचते’ म्हणायच्या आणि पुढे जायच्या. कापाकापी त्यांना जमत नव्हती. दारावर भाजीवाली आली, तर तिच्याशी झालेली घासाघीसही पुस्तकात जायची.

मुलींची तक्रार एकच. “बाई, तुमच्या मागे गिरणी चालते का?”

गिरणी म्हणजे कॉम्प्युटरचा पंखा. जावयानं ते मनावर घेतलं. शनिवारी त्यानं आतला जुना बोर्ड पंख्यासकट काढून नवा, बिनआवाजाचा बसवला. हार्ड डिस्क मात्र तीच ठेवली. भरतीच्या परीक्षेचं पुस्तक पंधरा पाठांचं. त्यातले पाच पाठ मुलींना पोचले होते, सात त्या डिस्कवर होते, तीन वाचायचे राहिले होते. परीक्षा गुरुवारी.

मशीन सुरू झालं. आवाज नाही. आणि पडद्यावर निळी पाटी: अठ्ठेचाळीस आकडी किल्ली टाका.

“हे काय, जावईबापू?”

“डिस्कला कुलूप आहे, आई. ती जुन्या बोर्डाला ओळखायची. नव्याला दारात उभं करत नाही.”

“मग जुना लावा परत.”

जावई स्वतःची नखं बघायला लागला. “काढताना त्याच्या पिना मोडल्या.”

“आणि कुलूप कुणी घातलं?”

“मीच. दोन महिन्यांपूर्वी. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून.”

“चोर परवडला असता.” लेकीच्या नवऱ्याला याहून जास्त बोलायची सोय नव्हती. उरलेला राग बाईंनी भांड्यांवर काढला.

किल्ली त्यानं कागदावर उतरवलीच नव्हती. रविवार गेला. सोमवारी दुकानदार म्हणाला, “सगळं पुसून टाका, डिस्क नव्यासारखी होईल.” बाई म्हणाल्या, “आधी तुमचं दुकान पुसा.” आणि घरी येऊन त्यांनी वसतिगृहात फोन लावला. माफी मागायची होती. माफीची सवय नसल्यानं शब्द जुळेनात.

“अगं, कुलूप लागलंय सगळ्याला. अठ्ठेचाळीस आकडे हवेत, आणि ते काही...”

“तुमचे पाढे का, बाई?” पलीकडे मुलींमधली थोरली होती. “पाचव्या पाठात तुम्ही मध्येच म्हणता, ‘जावईबापूंनी काहीतरी उघडलंय’, आणि आकडे वाचत सुटता. आम्ही जेवणाच्या रांगेत म्हणतो ते. म्हणू?”

बाईंनी जावयाला हाक मारली. पडद्यावर जे दिसेल ते मोठ्यानं वाचायची बाईंची खोड, आणि त्यानं कुलूप घातलं तेव्हा माइक चालूच राहिलेला.

जावई कीबोर्डपुढे बसला. नऊ जणी एका सुरात म्हणायला लागल्या. तिसाव्या आकड्याला दोघींची जुंपली: एक म्हणे चार, दुसरी म्हणे आठ. शेवटी मुलींनी पाचवा पाठ फोनला लावला, आणि बाईंच्याच आवाजानं बाईंना सांगितलं: आठ. डिस्क उघडली. सातही पाठ तिथल्या तिथे रवाना झाले. जावयानं किल्ली चार कागदांवर उतरवून घेतली, तेव्हा कुठे त्याला चहा मिळाला.

उरलेले तीन पाठ मात्र अजून तसेच आहेत. दोन दिवस हातचे गेले, आणि आता बाईंचा घसा बसलाय. जावयाला न दिलेल्या शिव्या अडकल्यात, असं लेक म्हणते. जावई स्वतः वाचायला बसला होता, पण पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा वाचतो. मुलींनी हात जोडले.

तुम्हाला वाचता येतं, हे तर सिद्धच झालंय. तेव्हा उद्या तासभर काढा, बाईंच्या घरी या, त्या गादीच्या आडोशाला बसा आणि एक पाठ वाचून द्या.