गिरानाचा पाय

"तुमचा आजार जेनेटिक आहे, पण आनुवंशिक नाही," असं डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा मला आधी त्यांचाच राग आला. जन्मापासून एक पाय सुजलेला घेऊन फिरणाऱ्या माणसाला कोडी घालू नयेत.

त्यांच्यापुढे माझ्या बायोप्सीचा रिपोर्ट होता. बायोप्सी म्हणजे शरीराचा लहानसा तुकडा काढून तपासणं. माझा तुकडा डाव्या पोटरीतून काढला होता. रिपोर्टात एका जनुकाचं नाव होतं, पीआयके-थ्री-सीए. रिक्षाच्या नंबरसारखं नाव, आणि ते कळायला मला तिशी गाठावी लागली.

बाईंनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. या जनुकावरून पेशी एक एन्झाइम बनवते. त्याला लिपिड कायनेज म्हणतात. लिपिड म्हणजे चरबी. पेशीच्या आवरणात जी चरबी असते तिला हे एन्झाइम फॉस्फेट नावाचा कण चिकटवतं, आणि मग पेशीच्या आत निरोप जातो की वाढ. निरोप गेला की एन्झाइमने गप्प बसायचं असतं. माझ्या पायातलं बसत नाही. सोसायटीच्या टाकीचा फ्लोट अडकला की गच्चीवरून पाणी वाहत राहतं, तसा हा निरोप चालूच.

"आईवडिलांकडून नाही आलेलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही पोटात असताना एका पेशीत बदल झाला. तिच्यापासून जेवढा भाग बनला तेवढ्यातच तो आहे." याला मोझेइक म्हणतात. फरशीत काही तुकडे वेगळ्या रंगाचे असतात ना, तसं. म्हणूनच माझ्या रक्ताची जेनेटिक तपासणी कोरी आली होती आणि आधीच्या डॉक्टरांनी "काही नाही" म्हणून मला घरी धाडलं होतं. तुमच्या घरात कुणाचा एक हात किंवा एक पाय जन्मापासून मोठा असेल आणि रक्तात काही सापडलं नाही, तर हात हलवत परत येऊ नका. जिथे वाढ आहे तिथला तुकडा तपासता येतो का, ते विचारा. भांडून विचारा.

मी नवी मुंबईतल्या सारसोळ्याची, कोळ्यांची मुलगी. खाडी जवळ, डास भरपूर, त्यामुळे सुजलेला पाय दिसला की जो तो म्हणायचा हत्तीरोग. त्या गोळ्या मी शाळेत असताना इतक्या खाल्ल्या की डासांनाच माझी भीती वाटली असेल. जन्मलेल्या दिवसापासून हत्तीरोग कसा असेल, हा प्रश्न एकालाही पडला नाही. नंतरच्या एका डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं. एकाच पायाचं कसं करायचं ते नाही सांगितलं. दरम्यान पोटरीच्या चरबीत जंतू शिरायचे, पाय लालबुंद व्हायचा, ताप यायचा. त्याला सेल्युलायटिस म्हणतात, आणि तो वर्षातून दोनतीनदा ठरलेला.

आळीत मात्र निदान केव्हाच झालं होतं. गिरानाचा पाय. गिरान म्हणजे ग्रहण. आई सात महिन्यांची गरोदर असताना सूर्यग्रहण लागलं आणि त्यात तिने मासळी कापली. गरोदर बाईने ग्रहणात काही कापलं की बाळाच्या अंगात खोट येते, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यांनाही पाठ आणि गेलेल्यांनाही. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, आळीतच दिलेली. ती प्रत्येक हळदीला, प्रत्येक बारशाला चारचौघींत आईला ऐकवायची, "गिरानान म्हावरा कापलास, पोरीचा पाय बिगारलास."

आईने कधी उलट उत्तर दिलं नाही. ती संध्याकाळी माझ्या पायाला तेल चोळत बसायची आणि मान वर करायची नाही. कुठलंही ग्रहण लागलं की पाणीसुद्धा न पिता कोपऱ्यात बसायची. मला तिचा भयंकर राग यायचा. बाजारात गिऱ्हाईकाने पापलेटचा भाव पाडला की हीच बाई त्याच्या सात पिढ्या काढते, आणि नणंदेपुढे तिची वाचा बसते.

म्हणून त्या दिवशी रिपोर्ट घेऊन मी घाईघाईने घरी गेले. वाटलं, आता आई सुटली. आत्या ओट्यावर बसलेलीच होती, तर म्हटलं तीही ऐकू दे. मी सांगितलं, हे कुणाच्या घराण्यातून आलेलं नाही, मी पोटात असताना झालंय.

आत्याने मांडीवर थाप मारली. "पोटान आसताना झायला ना? मंग मी काय सांगत व्हते?"

मी जनुक सांगितलं, पेशी सांगितली, चरबी आणि फॉस्फेट सगळं सांगितलं. कोण ऐकतो? दिवेलागणीपर्यंत आळीभर झालं की सीवूड्सच्या मोठ्या हॉस्पिटलात मशीनवर सिद्ध झालं, पोटात असतानाच बिघडलं. जे आधी ग्रहणाला हसायचे तेही आता मान डोलवायला लागले. आत्याच्या टोमण्यावर डॉक्टरचा शिक्का मी माझ्या हाताने मारून दिला होता.

आईने मासळी बाजारात बसणं सोडलं. अंगात कणकण आहे म्हणायची. कणकण वगैरे काही नव्हती. बाजारातल्या बायका विचारणार, आणि तिला उत्तर द्यायचं नव्हतं. खरं सांगते, त्या दिवसांत मला पायाचं काही पडलं नव्हतं. पाय होता तसाच राहिला असता तरी चाललं असतं. आईच्या डोक्यावरचं ते ओझं उतरायला हवं होतं, आणि मी ते दुप्पट करून ठेवलं होतं.

पुढच्या तपासणीला मी तिला जवळजवळ ओढत नेलं. वाढीचा निरोप अडवणारी एक गोळी आहे, ती सुरू करायची होती. ती साखर वाढवते, म्हणून आधी रक्त. रक्त देऊन आम्ही प्रतीक्षालयात बसलो. शेजारचे काका माझ्या पायाकडे टक लावून बघत होते. मी त्यांना विचारलं, फोटो काढायचाय का. त्यांनी मान फिरवली. आईने मला कोपर मारलं.

आत गेल्यावर बाईंनी गोळीचं सांगितलं. पाय दुसऱ्या पायासारखा होणार नाही. वाढ थांबेल, दुखणं कमी होईल, अशी आशा करायची. तोंड येईल, साखर तपासत राहावी लागेल. मी हो हो म्हणत होते. आई माझ्या मागे उभी होती, बस म्हटलं तरी बसली नव्हती. तिथूनच ती म्हणाली, "दाक्तरीनबाय, ह्या गिरानान झायला ना? मी म्हावरा कापला म्हनून?"

मला वाटलं, आता या हसणार. हसल्या असत्या तर मी रिपोर्ट त्यांच्या टेबलावर आपटून बाहेर पडले असते. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मावशी, तेव्हा कितवा महिना होता?"

"सातवा."

"बाळाला हातपाय फुटतात ते दुसऱ्या महिन्यात. हा बदल तेव्हाचा, नाहीतर त्याच्याही आधीचा. तेव्हा तुम्हाला दिवस गेलेत हेसुद्धा नीट कळलं नसेल. सातव्या महिन्यात हिच्या पायाला बोटं होती मावशी, आणि पाय जसा आहे तसा तेव्हाच होता. एका पेशीच्या दोन होताना नक्कल करायची असते, त्यात एक अक्षर चुकलं. ग्रहण नसतं तरी चुकलं असतं."

परतताना रिक्षात पाम बीचच्या सिग्नलला मी म्हटलं, ऐकलंस ना? ती बाहेर बघत राहिली. मला वाटलं, गेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मनात म्हटलं, हिला आता ब्रह्मदेवाने येऊन सांगितलं तरी पटणार नाही.

घरी आत्या हजर. चहाची वेळ ती चुकवत नाही. आईने तिला कपात चहा दिला. आत्याने एक घोट घेतला आणि विचारलं, "काय सांगला दाक्तरनीन? गिरानाचाच ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई बोलली. आवाज चढला नव्हता.

"पाटी तुजी व्हती."

आत्याने कप खाली ठेवला.

"म्हावऱ्याची पाटी तुजी व्हती. मी नको बोलले. तूच बोललीस, कापून टाक, गिरान सुटंपरत म्हावरा नरम परंल."

"येवऱ्या वर्सांनी आथा काय काढतंस?" आत्या म्हणाली.

"येवरी वर्सां तूच काढत व्हतीस."

आत्या उठून गेली. चहा अर्धा तसाच होता. आईने तो मोरीत ओतला आणि कप घासायला घेतला.

गोळ्या सुरू होऊन आता बरेच महिने झाले. तोंड येतं, गोड बंद आहे, पण पोटरी जरा मऊ लागते आणि यंदा ताप आलेला नाही. बाईंचे उपकार मी गोळीसाठी मानतेच. पण खरे मानते ते त्या एका प्रश्नासाठी. माझ्या पायाकडे इतक्या डॉक्टरांनी पाहिलं, पण माझ्या आईला कितवा महिना होता हे विचारणाऱ्या त्या एकट्याच. तुमच्या रुग्णाबरोबर आलेली बाई मागे उभी राहत असेल, खुर्चीत बसत नसेल, तर डॉक्टरांना सांगा की तिचंही ऐका. तिला काहीतरी विचारायचं असतं.

आत्याचं आणि आईचं बोलणं बंद आहे. लोक म्हणतात, तू मध्ये पड, म्हातारी माणसं आहेत. मी पडत नाही. बरं चाललंय.

मला एकच गोष्ट राहून राहून खुपत होती, म्हणून एकदा आई पायाला तेल चोळत असताना मी तिला विचारलंच. पाटी आत्याची होती, तिनेच कापायला लावलं, हे तू मलासुद्धा कधी का सांगितलं नाहीस? सांगितलं असतंस तर मीच तिचं तोंड बंद केलं असतं.

"पाटी कोनाची का आसना," आई म्हणाली, "हात त माजेच व्हते."