रुमालाखाली तीन बोटे

तांड्यावरचे ते रडणे अजूनही माझ्या कानांतून गेलेले नाही. निजामाच्या राज्यात बिदरकडच्या सरहद्दीवर मी अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत ठाण्याचा फौजदार. बैलबाजारातल्या दलालाचा मुलगा. वशिला कोणाचा नाही. उर्दू स्वतः शिकून नोकरी मिळवलेली.

एका सकाळी जवळच्या गावचा पटेल ठाण्यात आला. "सायब, लमाणांनी तांड्यावर पोरगी इकत आणलीय. दोन दिस झालं, नुस्ती रडायलीय."

मी खातरजमा न करता चार जवान घेऊन निघालो. रडणे ओढ्यापासूनच ऐकू येत होते. तेरा वर्षांची एक मुलगी दोन बायकांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होती. जवळ उभ्या असलेल्या माणसाला मी ठाण्यात आणले. मुलगी, बायका आणि तांड्याचा प्रमुख, म्हणजे नाईक, मागोमाग आले.

त्या माणसाची जबानी सुरू झाली.

"पोरगी कोणाची?"

"माझीच की."

"मग रडते का?"

"शिकायलीय, सायब."

जबानी लिहून घेणाऱ्या मुहर्रिराची लेखणी थांबली. मी टेबलावर हात आपटला. तेव्हा मुलीची म्हातारी आत्या पुढे झाली. "चिडताव कामून? आमच्यात लग्न ठरलं की पोरीला रडायला शिकवावं लागतंय. मायचं, भावाचं, गाईचं नाव घेऊन, सुरात. आइकायचंय का?"

माझी फजिती झाली होती. "ऐकवा," मी फणकाऱ्याने म्हटले.

बायकांनी सूर धरला. सूर संपला, बायकांनी ओढणीने डोळे पुसले आणि प्यायला पाणी मागितले. मुलगी मात्र थांबली नाही. आता सूर नव्हता, आवाजही फारसा नव्हता.

"आता ही का रडते?"

आत्याने भावाकडे, मुलीच्या बापाकडे, पाहिले. "ते आमचं न्हाई, सायब. ते तिचं हाय."

मुलगी पहिल्यांदाच बोलली. "मला न्हाई जायचं."

मग सगळी हकीकत बाहेर आली. नवरा बिजवर होता आणि त्याची थोरली लेक हिच्याच वयाची. देजाचे, म्हणजे मुलीच्या मोबदल्यात आलेले, बैल तिच्या बापाच्या दारात बांधलेले होते. गुन्हा मात्र कुठलाच नव्हता. असे लग्न अडवणारा कायदा माझ्या हाती नव्हता. मी नाईकावर ओरडलो, तसा तो उठून उभा राहिला. "पंचात शब्द दिलाय. तुमच्या धाकानं मोडला, तर उद्या मला नाईक कोण म्हणंल?"

तो दारापर्यंत गेला तेव्हा मला माझा बाप आठवला. बाजारात तो बैलाचा सौदा कधी तोंडाने करत नसे. कापडाखाली हात घालायचा आणि बोटे दाबायची. कोण किती नमले ते चारचौघांत दिसत नाही. मी खिशातला रुमाल हातावर टाकून हात पुढे केला. "बैल परत जातील. बोट म्हणजे वर्ष. तितकी वर्षे लग्नाची बोलणी नाहीत, नंतरही तिला विचारून."

नाईक हसला. "आरं, सायब बी बाजारातलंच की! अन् आम्हाला काय?"

पटेल तांड्याची जनावरे ओढ्यावर आली की कोंडवाड्यात घालत असे. खबरेचे मूळही त्याच भांडणात होते. "ओढा मोकळा करून देतो," मी म्हणालो.

नाईकाने माझे एक बोट धरले. मी त्याची चार धरली. बऱ्याच वेळाने तीनवर जमले. बाहेर जाऊन त्याने पंचांना आपलाच निर्णय म्हणून सांगितले. मी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

पुढे ओढा मोकळा करावा लागल्याने पटेलाने वर तक्रार केली. साहेबांनी माझ्या कागदात 'नाहक छापा' असा शेरा मारला आणि माझी बढती माझ्याहून कच्च्या माणसाला दिली. तो शेरा मला अजून खुपतो. छापा नाहक होता हे खरे. पण त्यानंतर काय झाले ते लिहायला त्या कागदात जागा नव्हती. माणसे चारचौघांत जे सोडत नाहीत ते कापडाखाली सोडतात, आणि त्यांची रीत कळल्याशिवाय कापड कुठे धरायचे ते कळत नाही, हे मी त्या खोलीत शिकलो.

नाईकाने शब्द पाळला. तीन वर्षे उलटल्यावर मुलीने पसंत केलेल्या तरुणाशी लग्न ठरले आणि मला आवतण आले. सायबाला चारावरून तीनावर आणल्याची फुशारकी नाईकाने पुढे तांडाभर मारली होती. मला पाहताच ती म्हणाली, "सायब, बाजारातलं म्हणवताव, अन् चारावरनं तीनावर कसं आलाव?" अख्खा तांडा हसला.

निघताना ती आत्याच्या गळ्यात पडून सुरात रडली. सूर संपला. तिने ओढणीने डोळे पुसले आणि प्यायला पाणी मागितले.